भूगोल : तीन

वर्गात शिरले
आणि आधी पाहिली ती जमीन.
मुलं नंतर.

खिडकीखाली ओघळ,
शेगडीभोवती कोळशाची भुकटी,
दाराजवळच्या तीन फळ्या फुगलेल्या.
आधी कोरडा झाडू, मग गरम पाण्यात सोडा,
मग पिळून घट्ट केलेलं फडकं...
मनातल्या मनात अर्धा वर्ग पुसून झाला
तेव्हा कुठे ऐकू आलं
बाकं एकदम सरकल्याचं.

सतरा मुलं उभी होती.
"एजेके," म्हणाली.
आमच्या डोंगरात बाईंना असंच म्हणतात.
अकरा वर्षांत
मला कुणी उभं राहून हाक मारली नव्हती.
तिकडे हाक म्हणजे,
"ए, इकडे सांडलंय."

बसा म्हणायचं असतं, हे विसरले.
ती उभीच.
शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी
आपणहून बसलं, आणि मग सगळे.

हजेरीला आडनावं ओळखीची निघाली.
हा कान एसेनकुलचा,
ज्याला मी दोनदा ओढला होता.
हे तोतरेपण त्याच्या बहिणीचं.
माझ्या विद्यार्थ्यांची मुलं
आजी-आजोबांनी कापलेल्या केसांत.
"आई कुठे असते?" असं विचारायचं नाही,
मुख्याध्यापक तुर्दुबेकनं दारातच बजावलं होतं,
"उत्तर एकच येतं, तास वाया जातो."

मधल्या सुट्टीत कपाट उघडलं.
खडूंच्या मागे जुनी गुणपत्रकं,
उंदरांनी कडेकडेनं खाल्लेली.
सातवी. मेरिम.
गणित : पाच. रशियन : चार.
भूगोल : तीन.

फोनवर तिनं पाच सांगितले होते.
मीही तिला सांगितलं होतं
की मी कचेरीत काम करते.
ते खोटं नव्हतं. कचेरी होती, मजले नऊ.
साडेचार वर्षांची पोर सासूच्या कडेवर देऊन
मी निघाले, तेव्हा तिच्या मुठीत माझी लाकडी पट्टी होती.
ती सोडवून घेतली नाही.
आता ती माझ्याहून चार बोटं उंच आहे
आणि चहा देताना
मला पाहुण्यांचा कप देते.

आज घरी गेल्यावर विषय काढणार नाही.
फक्त, कुठली नदी चुकली होती
एवढं विचारावंसं वाटतंय.

सुट्टीनंतर नकाशा टांगला.
घडीवर फाटलेला तो तिथंच, कॅस्पियनच्या वर.
प्रमाण शिकवत होते :
एक सेंटीमीटर म्हणजे तीनशे किलोमीटर.
"कुठून कुठे मोजू या?"
सतराही जणांनी एकच नाव घेतलं.

जिपार पुढे आली. बुटकी, नाक वाहतंय,
तळहातावर पेनानं काढलेलं घड्याळ.
टाचा उचलून तिनं पट्टी लावली,
शून्य आमच्या गावावर, नीट,
मी सांगायच्या आधीच.
"साडेदहा," म्हणाली.
मग वळून माझ्याकडे पाहिलं.
"फक्त?"

आगगाडीचे दिवस मला पाठ होते,
पुलांचे आवाज पाठ होते,
स्तेपमधलं ते स्टेशन, जिथं बाया
खिडकीतून उकडलेली अंडी विकतात,
सीमेवर रात्री दोनला तोंडावर येणारा दिवा.
त्या शहरातल्या कुठल्या फरशीला
कुठलं रसायन चालत नाही, तेही पाठ.
"पट्टीवर एवढंच," मी म्हणाले.
"आता तीनशेनं गुण."

तिनं गुणलं. एक शून्य विसरली.
मग आठवून लावलं,
जरा मोठंच काढलं.

शाळा सुटल्यावर शार्कान बादली घेऊन आली.
गुडघे दुखतात तिचे, मी उठले,
तर तिनं फडकं पाठीमागे लपवलं,
"तुम्ही एजेके आहात. बसा."
बसले. वह्या पुढ्यात ओढल्या.
ती दारापासून पुसत सुटली, खिडकीकडे.
म्हणजे परत जाताना
ओल्यावर आपलीच पावलं उमटणार.

तीन वह्या होईपर्यंत मी गप्प राहिले.
चौथीला बोललेच.